धुतलेले हात

दिवा जरा इकडे सरकव. लाइट काही इतक्यात येत नाही, आणि अंधारात बसलो की तुझं आपलं ठरलेलं, "ताई, ठमीच्या वेळी नेमकं काय झालं होतं?" धाकटी जाऊ झाली म्हणून तुझे सगळे हट्ट मीच पुरवायचे का? बरं, सांगते. पण मध्येमध्ये "म्हणजे?" करायचं नाही. एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायची हिंमत होणार नाही मला.

मी बालवर्गाला शिकवते हे तुला माहीत आहे. माझ्या वर्गात सकाळचं पहिलं काम म्हणजे हात बघणं. हात पुढे, आता उलटे, आता नखं. नखात मळ दिसला तर मी ओरडत नाही, नुसती बेसिनकडे बोट दाखवते. पोरं मुकाट जातात, धुऊन येतात आणि पुन्हा हात पुढे करून उभी राहतात. सातवा महिना नुकताच लागला होता. हात बघून झाले आणि मी रंगीत खडू काढायला कपाटाशी गेले. वरच्या फळीकडे हात केला, तोच पायांवरून कोमट पाणी वाहिलं. आधी वाटलं, कुण्या कार्ट्यानं बाटली सांडली. खाली बघते तर पाणी माझंच. एक पोरगी गंभीरपणे म्हणाली, "बाई, सांगायचं ना आधी." सगळा वर्ग खिदळला. मीही हसले असेन. पण पोटावर गेलेला हात तिथून हलेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी वेळेआधी फाटली होती. कळा नव्हत्या, बाळाचे ठोके चांगले होते, पण बाळ फार लहान. "जितके दिवस आत राहील तितकं चांगलं," त्या म्हणाल्या. "फक्त जंतू आत जाता कामा नयेत. ताप आला की आम्हाला थांबता येणार नाही." म्हणून रोज ताप मोजायचा, औषधाची सलाईन घ्यायची, बाळाच्या फुप्फुसांसाठी सुया घ्यायच्या. पॅड टाकून न देता सिस्टरला दाखवायचं. ती पाण्याचा रंग बघायची, वास घ्यायची आणि मान हलवायची. त्या मानेच्या हलण्यावर माझा दिवस जायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मला आतून कुणी तपासायचं नाही. पलंगाच्या पायथ्याशी तशी पाटीच लावली होती.

"आणि एकटीनं उठायचं नाही," त्या निघताना म्हणाल्या. "बाळाचं डोकं अजून वर आहे. पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. ती डोक्याखाली दबली, तर बाळाला मिनिटंही मिळत नाहीत. काही सरकल्यासारखं वाटलं की घंटी दाबा."

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून पडलेली. शिंक आली तरी भीती वाटायची, काय सांगू तुला.

खोली लांबट होती. पलंग बरेच, पण बाकीच्या बाळंत होऊन गेलेल्या. उरले होते मी एकटी. टोकाला, भिंतीशी, हात धुवायचं एक मोठं जुनं बेसिन. त्याचा नळ कधी पूर्ण बंद नसायचा. बारीक धार दिवसरात्र चालू. आता पाणी जात असलेल्या बाईला शेजारी वाहत्या पाण्याचा आवाज म्हणजे काय छळ आहे, तूच विचार कर. जरा आवाज वाढला की मी दचकून पॅड चाचपायची. माझंच गेलं का? किती गेलं?

खोली झाडायला येणाऱ्या मावशींना मी म्हटलं, "मावशी, तो नळ तेवढा बंद करा ना."

"असू दे त्याला," मावशी म्हणाल्या.

"असू दे काय? किती पाणी वाया जातंय!"

"हात धुतायत ना," त्या बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावली. मी काही विचारायच्या आत बादली उचलून चालत्या झाल्या.

मग मी लक्ष देऊन ऐकायला लागले, आणि तेच चुकलं. दुपारी जेवणं झाली, सिस्टर त्यांच्या खोलीत गेल्या, की धारेचा आवाज बदलायचा. एकसारखी पडणारी धार मध्येच तुटायची. तिच्याखाली कुणी हात धरले की कसा फुटका, पसरट आवाज येतो, तसा. मग हातावर हात चोळल्यासारखं. मग ब्रशनं नखं घासल्यासारखं, खर्र... खर्र... मान उचलून बघावं तर बेसिनपाशी कुणी नाही. भिंतीला अडकवलेला साबण हिरवा, पातळ, लिंबाच्या वासाचा. आणि खोलीत वास यायचा तो जुन्या लाल साबणाचा, डोळे चुरचुरतील असा. मी मनाची समजूत घातली, आडवं पडून पडून डोकं फिरलंय आपलं.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "त्या नळाच्या आवाजानं झोप लागत नाही हो." झालं! तुझे दीर प्लंबर. घरच्या मोरीतला नळ वर्षभर गळतोय, त्याच्याकडे ढुंकून बघायला वेळ नाही. पण इथे दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला साहेब पिशवीत पाना घेऊन हजर! वॉशर बदलला, दोन वेळा आवळला, रुमालानं नळ पुसला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ताजमहाल बांधला. "आता झोप," म्हणाले. माझ्या कपाळावर हात ठेवला. मला बरं करणं त्यांच्या हातात नव्हतं. नळ होता, तो त्यांनी बरा केला. मला भरून आलं. त्या दिवशी मावशींची सुट्टी होती. असत्या तर त्यांनी ह्यांचा हात धरून थांबवलं असतं.

भेटीची वेळ संपली. हे गेले. खोली गप्प झाली.

इतकी गप्प, की सलाईनचा थेंब पडतानाही ऐकू येईल. बाहेर लख्ख ऊन होतं. पलंगाभोवती ओढलेल्या पडद्यावर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. मी डाव्या कुशीवर वळले, डोळे मिटले. आणि तो लाल साबणाचा वास आला. या वेळी बेसिनकडून नाही, पलंगाजवळून.

मग पावलं. ओल्या फरशीवर अनवाणी पावलं उचलताना येतो ना आवाज, तो. चप... चप... पडद्याशी येऊन थांबली.

"झाले..." कुणीतरी म्हणालं. बाईचा आवाज, दमलेला. "झाले हात धुऊन... आता बघते हं..."

पडदा सरकला. पांढरा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ऑपरेशनला जाताना डॉक्टर धरतात तसे दोन्ही हात वर धरलेले, आणि कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. चेहरा मी पाहिलाच नाही. माझी नजर त्या हातांवरच खिळली होती. फार वेळ पाण्यात राहिलेली कातडी होते तशी, पांढरीफटक, सुरकुतलेली.

मी घंटी दाबली. दाबतच राहिले. बोबडी वळली होती, तरी कसंबसं म्हटलं, "मला... आतून तपासायचं नाही. पाटी आहे."

"नाळ बघायची..." ती वाकली. "मागच्या वेळी उशीर झाला..."

ते हात माझ्या चादरीकडे यायला लागले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. ही आत हात घालणार. जंतू जाणार, ताप येणार, आणि माझं एवढंसं लेकरू... मला रडू आलं नाही गं, संताप आला. इतके दिवस मी श्वाससुद्धा जपून घेतलेला! आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून वर्गातला आवाज निघाला.

"हात दाखवा."

ती थांबली. दोन्ही हात पुढे केले.

"उलटे."

उलटे केले. अगदी माझ्या पोरांसारखे, मुकाट. हात स्वच्छ होते. इतके स्वच्छ की बघवत नव्हते. तरीही मी म्हटलं, "अंगठ्याच्या नखात राहिलंय. जा, पुन्हा धुवा." आणि बेसिनकडे बोट दाखवलं.

ती गेली. खरंच गेली. चप... चप... बेसिनपर्यंत. मी श्वास सोडला. सिस्टर येईलच आता, असं मनाशी म्हणत राहिले.

पाण्याचा आवाज मात्र येईना. तोटीवर बोटं घसरल्याचा तेवढा आवाज, पुन्हा पुन्हा. मग तिकडून रडवेला आवाज आला, "बाई... नळ उघडत नाहीये..."

माझ्या पाचावर धारण बसली. ह्यांनी तो दोनदा आवळला होता. ती पुन्हा वळली. पांढरे हात पुन्हा वर झाले. घंटी वाजत होती की नव्हती, देव जाणे. कुणी येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की तो नळ उघडला तर ती धूत राहील, आणि माझं बाळ वाचेल.

मी उठले. होय, जे करायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेच केलं. सलाईनचा खांब धरून उभी राहिले, एक पाऊल टाकलं, आणि भडाभडा पाणी गेलं. पाण्यापाठोपाठ काहीतरी सरकलं. मऊ, गरम दोरीसारखं. मांडीला लागलं. ते धडधडत होतं.

नाळ.

मी फरशीवर कोसळले. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. हाताशी धडधड लागत होती आणि ती मंद होत चालली होती, मला कळत होतं. मीच त्या बाईला हात धुवायला पाठवलं होतं आणि आता मीच तिच्याकडे बघत होते.

"लवकर..." मी म्हटलं. "राहू द्या हात... लवकर या..."

या वेळी पावलं धावत आली. ती बेसिनपाशी थांबली नाही.

मग गार. पोटाच्या आत, अगदी वरपर्यंत, बर्फासारखं गार. आणि कुणीतरी बाळाचं डोकं अलगद वर उचलून धरलंय. दुखलं नाही. हाताखालची धडधड पुन्हा जोरात सुरू झाली. कानाशी तो दमलेला आवाज आला, "धरलंय... धरलंय..."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सिस्टरची किंकाळी. ढकलगाडी. डॉक्टरीणबाईंचा हातमोजा घातलेला हात. छतावरचे दिवे पळत होते. मग तोंडावर मास्क.

जाग आली तेव्हा हे शेजारी बसून ढसाढसा रडत होते. "मुलगी झाली. ओंजळीएवढी आहे, पण रडली," म्हणाले. तीच आपली ठमी. काचेच्या पेटीत ठेवली होती. मला ताप आला नाही, तिलाही नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई आल्या. मग म्हणाल्या, "नाळ खाली आली की आम्ही हात आत घालून डोकं वर धरून ठेवतो, नाळेवर दाब पडू नये म्हणून. ज्यानं धरलं त्यानं हात काढायचा नसतो. बाळ बाहेर काढणारा 'सोडा' म्हणेपर्यंत नाही. हात बधिर झाला तरी नाही. मी धरलं होतं तुमचं. पण माझ्या बोटांवर भार आलाच नाही हो. डोकं आधीच वर होतं." त्यांना पुढे काही विचारायचं असावं, पण नाही विचारलं.

विचारलं ते मी, मावशींना. कधीकाळी इथे एक डॉक्टरीण होती, त्या म्हणाल्या. तिच्या हातची एकही बाळंतीण तापली नव्हती, इतकी हात धुण्याची शिस्त. एकदा अशाच पाणी गेलेल्या बाईची नाळ खाली आली. सगळे हाका मारतायत, आणि ही बेसिनपाशी नखं घासतेय, "अजून नाही झाले, अजून नाही झाले." तोवर बाळ गेलं. "नंतर त्याही फार जगल्या नाहीत," मावशी म्हणाल्या. मग त्या उठून बेसिनपाशी गेल्या, नळाला हात लावला, आणि न उघडताच परत आल्या. "आता नको," म्हणाल्या. "आता तिथे कुणी नाहीये."

मला वाटलं, सुटली बिचारी. देवाचे आभार मानले. तिच्यासाठी रडलेसुद्धा.

ठमी आता तीन वर्षांची आहे, तू बघतेसच. खाते, पळते, तुझ्या साडीला हात पुसते. मागच्या आठवड्यात दुपारी मी कणीक मळत होते. दोन्ही हात परातीत. ती माझ्याकडे पाठ करून, पंख्याखाली ठोकळे लावत बसली होती. मध्येच वैतागून म्हणाली, "आई, हात काढ ना डोक्यावरचा. गार लागतो."

मी माझ्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत पीठ.

"कधीपासून आहे गं हात?" मी विचारलं. कसं विचारलं, माझं मला माहीत.

"नेहमीच असतो," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरीणबाईंना "सोडा" म्हणणारं कुणीतरी होतं. त्या जुन्या डॉक्टरणीला कुणी म्हटलंच नव्हतं. आता तो शब्द मीच म्हणायचा, दुसरं कोण म्हणणार? मी तोंड उघडलं... आणि मिटलं. सोडलं, आणि काही झालं तर? कुणी सांगावं, अजून ती कशापासून धरून बसलीये माझ्या लेकराला?

पंखा जोरात फिरत होता. ठमीचे केस भुरभुर उडत होते, टाळूवरचे तेवढे सोडून. तिथे ते चप्प बसले होते, आणि ओले होते.