आठ सेकंदांची खरखर

या, असे पुढे सरकून बसा. आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. आणि हातातला मोबाईल जरा बाजूला ठेवा... का, ते शेवटी कळेल.

सांगतोय ते खरं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. कोणी हसलं तर मला राग नाही. पहिले दोन दिवस मीही हसतच होतो.

वार मंगळवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांना शोभेल असं काही म्हणजे काही नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल. टेबलावर दोन स्क्रीन, खाली पायाशी कॉम्प्युटरचा डबा. लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ जुळवून द्यायचे, हा माझा धंदा.

त्या दिवशी डब्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसलं. तीन पंख्यांचं.

बसवणारी आमच्या रस्त्याच्या टोकाची दुरुस्तीवाली. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, कारण कुठलंही यंत्र न्या, ती आधी त्याला कान लावते.

"काका, हे कार्ड म्हणजे गरीब गाय," ती म्हणाली. "कामाला जुंपलं तरी हूं की चूं करणार नाही. आणि पन्नास डिग्रीच्या खाली तर पंखे फिरतसुद्धा नाहीत. चक्क थांबून राहतात."

तिचं हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

आता कार्ड कशाला, ते सांगतो. माझा पूर्वरंग नेहमी लांबतो असं ही म्हणते. पण एवढा ऐकाच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कीर्तन करायचे. गळा असा, की देवाचं नाव घेतलं की समोर बसलेल्याच्या डोळ्यांत आधी पाणी यायचं आणि अर्थ मागून कळायचा. ते जाऊन बावीस वर्षं झाली.

आईचा उजवा कान केव्हाच गेलाय. यंदा डावाही जायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, महिना... फार तर दीड.

आईला कोणी काही सांगितलं नाही. पण ती आतून ओळखून होती.

"जाऊ दे कान," एके दिवशी ती म्हणाली. "पण जायच्या आधी ह्यांचं ते शेवटचं कीर्तन एकदा ऐकव मला. त्यात नुसती खरखर आहे रे. ती काढता येते ना तुम्हाला हल्ली?"

"येते की!" मी छाती फुगवून म्हणालो.

त्या कीर्तनाची कॅसेट एकच. भरली होती शिंपीकाकांनी.

शिंपीकाका म्हणजे अण्णांच्या मागे उजव्या हाताला बसून तीस वर्षं टाळ धरणारे. दिवसभर शिलाई मशीनवर. बायको नाही, पोर नाही. कापडाची तुसं जाऊन जाऊन छाती भरलेली. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची आणि सोडताना 'फुस्'. अण्णा सगळ्यांदेखत चेष्टा करायचे, "लोकांकडे पेटी असते, आमच्याकडे शिंपी आहे!" काका टाळ तोंडापुढे धरून हसायचे.

अण्णा गेले आणि दोन महिन्यांत काकाही गेले. आमच्याकडे त्यांचा एक धड फोटो नाही. जितके आहेत तितक्यांत अण्णा पुढे, आणि खांद्यामागून नुसते दोन हात दिसतात. टाळ धरलेले.

बरं, आता कथेला लागू.

कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. अगदी शेवटी टेपरेकॉर्डरने पट्टी गिळली. तुकडे झाले. हळहळ वाटली, पण म्हटलं, उतरून तर आलंय.

खरखर काढायची एक रीत आहे. जिथे कोणी बोलत नाही, गात नाही, असा एक तुकडा शोधायचा. प्रोग्रॅमला तो दाखवायचा आणि सांगायचं, बाबा, हा कचरा. असा जिथे जिथे दिसेल तिथून झाडून काढ. मग कार्ड कामाला लागतं.

अण्णा उभे राहिले की लगेच सुरू करत नसत. डोळे मिटून थोडे थांबायचे. कॅसेटच्या सुरुवातीला ती शांतता होती. आठ सेकंद.

मी ते आठ सेकंद निवडले.

हेडफोनमध्ये काहीतरी आत-बाहेर होत होतं. मला वाटलं, टेपरेकॉर्डरची मोटर असेल.

"कचरा," असं सांगून मी बटण दाबलं.

पंखे फिरायला लागले. दोनेक मिनिटं छान, गुळगुळीत घरघर. आणि मग...

सूंईं... फुस्.

सूंईं... फुस्.

मी डब्याला कान लावला. नवाकोरा पंखा, आणि म्हाताऱ्यासारखा धापा टाकतोय!

सव्वा तासात काम झालं. खरखर साफ. अण्णांचा आवाज असा, जणू काल बोललेत. आनंदाच्या भरात मी ती फाईल त्याच नावाने, त्याच जागी ठेवून दिली. जुनीवर नवी.

हो... मूळ प्रत ठेवली नाही. तीस वर्षं या धंद्यात आणि ही चूक केली.

पंख्याचा आवाज मात्र जाईना. संध्याकाळी हिने दारातून विचारलं, "अहो, कोण आलंय? घोरतंय कोण?"

"कार्ड," मी म्हणालो.

"गरीब गाय ना ती? मग तिला दमा कसा?"

दुसऱ्या दिवशी मी डब्याची बाजू उघडली. एखादी वायर पात्याला घासते का? नाही. कार्ड वजनाने खाली झुकलंय का? खाली टेकू दिला. स्क्रू आवळले, मग सैल केले. धूळ नव्हतीच, तरी फुंकर मारली.

सूंईं... फुस्.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कार्ड काढून दुकानात घेऊन गेली. तिच्या मशीनवर दिवसभर चालवलं. "काका, तुमचं पोर ठणठणीत आहे," ती हसत परत आली. "सासरीच रडतं वाटतं."

कार्ड डब्यात बसवलं. कॉम्प्युटर सुरू केला.

सूंईं...

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

तिने कागदाची सुरळी केली. एक टोक कानाला, दुसरं पंख्याजवळ. बारीक आवाज कुठून येतोय ते असं सापडतं. पहिला पंखा. दुसरा. तिसरा. सुरू होताना पंखे थोडा वेळ फिरतातच; तेवढ्यात एकेका पंख्याच्या मधोमध बोट टेकवून तिने तो थांबवला. जो थांबला की आवाज थांबतो, तो चोर.

पहिला थांबवला. आवाज आहे.

दुसरा. आहे.

तिसरा... आहे.

मग तिने स्क्रीनकडे पाहिलं. कार्ड त्रेचाळीस डिग्री, म्हणजे पन्नासच्या खालीच. तिने सगळ्यांवरून हात काढून घेतला.

एकही पंखा फिरला नाही.

तिन्ही पंखे जागच्या जागी उभे होते... आणि आवाज येत होता.

सुरळी तिच्या कानाला तशीच होती.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "पंख्याचा आवाज सलग असतो. हा मध्ये थांबतोय."

"म्हणजे?"

"दम घ्यायला थांबतोय."

ती उठली. पाणीही न घेता गेली. हत्यारांची पिशवी माझ्याकडेच विसरली. पुढे दोन आठवडे ती न्यायलाही आली नाही.

मी ठरवलं, कार्डाचं नंतर बघू. आईला कीर्तन ऐकवून टाकू. दिवस जात होते.

पाचव्या दिवशी सकाळी तिला खुर्चीत बसवलं. डाव्या कानाजवळ मोठा स्पीकर ठेवला. अण्णांचा आवाज सुरू झाला. आईने डोळे मिटले.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वाटलं, आता पाणी येईल.

आईच्या कपाळाला आठी पडली.

"बंद कर."

"का गं?"

"मागे कोणी नाहीये."

"टाळ वाजतोय की, आई. ऐक ना."

"टाळ आहे," ती म्हणाली. "टाळ धरणारा नाही. शिंपी कुठे गेला?"



"टेपरेकॉर्डर त्याच्या गुडघ्याशी ठेवलेला," आई सांगत होती. "ह्यांच्या आवाजाच्या अलीकडे त्याचा श्वास ऐकू यायचा. ह्यांना धीर असायचा त्याचा. बघ ना, कसे गातायत... एकट्या माणसासारखे."

माझ्या डोळ्यांसमोर ते आठ सेकंद आले. आत-बाहेर. आत-बाहेर. मोटर नव्हती ती.

ज्याचा फोटो नाही, ज्याच्या मागे कोणी नाही, त्याचं या जगात उरलेलं तेवढंच होतं. आणि मी त्याला कचरा म्हणालो होतो. झाडून टाक म्हणालो होतो.

"मूळ कॉपी असेल ना?" हिने विचारलं.

मी मान खाली घातली.

आई म्हणाली, "खरखरीसकट दे रे. मला शिंप्यासकट हवंय. तो नसेल तर हे कीर्तन माझं नाही." थोडं थांबून म्हणाली, "काल सकाळपासून घड्याळाची टिकटिकपण गेली माझी."

म्हणजे वेळ उरलाच नव्हता.

मी मागच्या खोलीत आलो. कॉम्प्युटर सुरू केला. डब्याची बाजू उघडली.

सूंईं... फुस्.

वेड लागल्यासारखं वाटत होतं. पण हात जोडले आणि बोललो. त्या डब्याशीच बोललो. म्हटलं, "काका, चुकलो. लेकराचं पोटात घाला. आई थांबलीये... एकदा बसा ना अण्णांच्या मागे."

मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि उघड्या डब्याशी, कार्डाजवळ ठेवला. हेडफोन कानाला लावले आणि अण्णांचं कीर्तन पहिल्यापासून सुरू केलं. हेडफोनचा एक कान मी बाजूला सरकवून ठेवला होता.

अण्णा डोळे मिटून उभे. आठ सेकंद शांतता.

डब्यातून... सूंईं... फुस्.

अण्णांनी पहिली ओळ उचलली. श्वास थांबला. ओळ संपली, अण्णा दम घ्यायला थांबले... आणि खालून शिट्टी आली.

पंखे थांबलेले. कार्ड एक्केचाळीस डिग्री.

अण्णांनी विनोद केला, लोक हसले. डब्यातून तीन आखूड 'फुस् फुस् फुस्' आले. काका असेच हसायचे. टाळामागून.

एक तास चौदा मिनिटं मी जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

कीर्तन संपलं. मी मोबाईलचं रेकॉर्डिंग बंद केलं. बंद केलं, हे मला पक्कं आठवतंय. ते कीर्तनाखाली बसवलं. एरवी असं काही जुळवायचं तर तासभर मागेपुढे सरकवावं लागतं. हे एका झटक्यात बसलं. केसाचाही फरक नाही.

दुपारी आईला पुन्हा खुर्चीत बसवलं.

आठ सेकंद शांतता. आणि तो श्वास.

आईचा चेहरा उजळला. तिने मान डोलावली आणि अगदी सहज, घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "हं. बसला. आता म्हणा."

तिच्यासमोर बसून म्हटल्यासारखे अण्णा गायला लागले.

पूर्ण सव्वा तास ती हलली नाही. शेवटी तिने पदराने डोळे टिपले आणि माझ्या हातावर थोपटलं.

नवव्या दिवशी तिचा डावा कान गेला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण...

त्या दुपारपासून कार्ड गप्प आहे. कितीही काम द्या, पंखे गरगर फिरतात, आवाज नाही. डॉक्टरीणबाई आपली पिशवी न्यायला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "गेलं ना दुखणं? मग आता उघडू नका."

उघडलं नाही. पण एक दिवस मोबाईलमधलं ते मूळ रेकॉर्डिंग पाहिलं.

कीर्तन एक तास चौदा मिनिटांचं.

रेकॉर्डिंग एक तास पंचवीस मिनिटांचं.

वरची अकरा मिनिटं मी एकदाच ऐकली. दिवसा, घरात सगळे असताना.

आधी नुसता श्वास. मग टाळ एकमेकांवर ठेवल्याचा बारीक 'टिण्'. मग कापडाची सळसळ. काका कीर्तन झालं की टाळ मखमलीच्या चिंधीत गुंडाळून ठेवायचे, ते मला तेव्हाच आठवलं. नंतर बराच वेळ काही नाही.

मग श्वास जवळ आला.

आणखी जवळ... कोणीतरी वाकल्यासारखा.

आणि 'खट्'.

जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्यावर होतो, तसा तो 'खट्'. माझ्या मोबाईलला असं बटण नाही.

तेव्हापासून कोणाची खरखर काढायला बसलो की कचरा म्हणून तुकडा निवडताना माझा हात अडतो. पाचपाच वेळा ऐकतो. तरी खात्री होत नाही.

आणि आई... तिला आता काहीच ऐकू येत नाही. पण दुपारी तीनच्या सुमाराला, खुर्चीत बसल्या बसल्या, तिची दोन बोटं हातावर टेकायला लागतात. तालात. मधेच ती मान वळवते, उजव्या हाताला, मागे... आणि हसते.

मी मागच्या खोलीत जाऊन डब्यावर हात ठेवून पाहतो. बंद असतो. थंड.

तिला विचारायचं म्हटलं तर विचारू कसं?

तर एवढीच विनंती. पुढे कधी कीर्तनाला बसलात आणि गाणाऱ्याचा गळा भरून आला, तर नजर क्षणभर त्याच्या खांद्यामागे न्या. टाळ धरलेले दोन हात दिसतील. तेव्हा आमच्या शिंपीकाकांची आठवण काढा.

त्यांची आठवण काढायला आम्हा तिघांशिवाय कोणी नाही. आणि आता तुम्ही.