दुसऱ्या क्रमांकाची फेरी

माधवीबाईंचं अकोल्याहून आलेलं पत्र महिनाभर माझ्या शब्दकोशात पडून होतं. उत्तर द्यायचं धाडसच होत नव्हतं...

ओळख नोव्हेंबरातली. अमरावतीच्या वाचनालयात खेळाचं पान माझ्या हातात होतं. समोर पांढऱ्या केसांत अबोली माळलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"पान पाठ करून राहिले का, साहेब?"

मी घाईनं पान पुढे केलं – उलटं. त्या खुदकन हसल्या.

त्या निवृत्त शिक्षिका, लेकीकडे महिनाभर आलेल्या. वहीत त्यांनी फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे तक्ते आखले होते. इटलीवर लाल काट होती.

"ही काट कशाला?" मी चाचरत विचारलं.

"गटात दुसरी आली ना. गेली घरी!"

"नाही हो... युरोपात गटातला पहिला थेट जातो. दुसऱ्याला मार्चमध्ये आणखी एक फेरी असते. तिथं हरला, तरच बाहेर."

"अगं बाई! मंग मी बिचारीले उगाच मारून राहिली?"

त्यांनी रबर मागितलं. लाल पेन्सिल काही पुसेना. वही धरताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली – त्यांनी काढली नाहीत.

मग रोज भेट. मी गट समजावायचो, त्या गालावर हात ठेवून ऐकायच्या. पत्नी गेल्यापासून माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

त्या अकोल्याला परतल्या आणि पत्र आलं. 'भगवंतराव, फोनवर तुमी नुसतं हं हं करता, म्हून लिहून राहिली. पोरगा नागपूरले कायमचं बोलावते. संक्रांत झाली का निघीन. मी अकोल्यातच राहावं असं वाटते का तुमाले? वाटत असंन तर सांगा. मार्चची मॅच संगं पाहू.'

सदुसष्टाव्या वर्षी मी कुणाला थांबवणारा कोण? तरी चार पानं लिहिली. वाचून पाहिली, तर तीन पानं गोलफरकाच्या नियमांवर! फाडली. संक्रांत पाच दिवसांवर आली, तेव्हा दोनच ओळी लिहिल्या:

'माधवीबाई, थांबा. तुम्ही मला हे विचारलंत, याचे उपकार मी विसरणार नाही.'

टपाल कार्यालयातल्या मुलीनं विचारलं, "स्पीडपोस्ट, काका? घाई आहे?"

"खूप," मी न अडखळता म्हणालो आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.