जमुनेचा रेचा

मी हे कानात कापसाचे बोळे घालून लिहिते आहे. हसायचं असेल तर हसा.

ही घडलेली गोष्ट आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, आमच्याच घराण्यात घडलेली. दूर कुठल्या तरी मुलखात लढाई पेटली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, त्या वर्षांतली. भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं वाटत असेल तर आधीच सांगते...

ही गोष्ट भर दुपारची आहे.

माझ्या पणजोबांची आजी शकुन. तिनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिची सासू माणिकबाई. माणिकबाईचं रक्त माझ्या अंगात आहे, तरी मला तिची कणभर कीव येत नाही. का, ते ऐका.

माणिकबाईच्या घरामागे एक मोठं छप्पर होतं. त्यात ओळीनं रेचे मांडलेले. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं लाकडी यंत्र. बाईनं दिवसभर दांडा फिरवायचा. रुई पलीकडे पडायची, सरकी अलीकडे.

कर्र... कर्र... कर्र...

दिवसभर हाच आवाज. ऐकणाऱ्याचे डोळे जड व्हायचे.

लेकुरवाळ्या बाया छपराच्या आढ्याला झोळ्या बांधून त्यात तान्ही पोरं निजवायच्या. पोर रडलं की आई उठणार, आई उठली की रेचा थांबणार. म्हणून पोरांना अफू.

नाकं मुरडू नका. तेव्हा सगळीकडेच द्यायचे. पाण्यात कालवायची, करंगळी बुडवायची, बाळाला चाटवायची. पण छपरातल्या बायांची एक रीत होती. बोट आधी आईच्या जिभेवर. जीभ बधिर झाली तर पाणी वाढवायचं. नाही झाली, तरच लेकराला.

आधी आई, मग लेकरू.

भाव चढला तसं बायांचं हे सारखं उठणं माणिकबाईला खुपायला लागलं. तिनं ते काम आपल्या हातात घेतलं. सकाळीच एका वाटीत अफू कालवायची आणि एकेका झोळीत करंगळी फिरवत जायची.

स्वतः चाखायची मात्र नाही.

कशी चाखेल? मजुरांच्या पोरांच्या ओठांना रोज लागणारं बोट ती आपल्या तोंडात घालणार होती? विटाळ झाला असता ना बाईसाहेबांना!

पौषात बाजारातून नवी अफू आली. आधीच्यापेक्षा फार कडक. नुसती जिभेला लावली असती तरी कळलं असतं.

छपरात जमुना नावाची एक बाई होती. तेल्हाऱ्याकडून कामाला आलेली, नवरा वारलेला. तिचं लेकरू छपरातलं सगळ्यांत लहान, नुकतं कुशीवर वळायला लागलं होतं. नवी अफू चाटवली त्या दिवशी दुपारी तिची चोळी भिजली तशी ती रेच्यावरून उठली.

"बाई, पान्हा दाटला. जराशीक पाजून येतो."

"काहून उठून राहिली?" माणिकबाई ओरडली. "निजलं हाये ना ते? निजलेलं लेकरू उठवत नसतात. बस खाली!"

जमुना बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसवली. दिवेलागणीला काम सुटलं, तेव्हा तिनं झोळीत हात घातला...

लेकरू गार होतं. कधीचंच.

जमुना रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली. ओळीतल्या शेवटच्या, आपल्या रेच्यावर बसली, दांडा फिरवायला लागली. संध्याकाळी बाया घरी गेल्या, ही तिथंच. सकाळी आल्या, ही तिथंच. डोळे उघडे, लाल. तिची झोपच गेली होती. बायांनी पाय चेपले, डोक्यावर तेल थापलं. काही उपयोग नाही.

माणिकबाई तिला हाकलायला गेली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"माह्या लेकराले तुमी निजवलं, बाई. माही नीज बी त्याच्यासंगं गेली. आता तुमच्या घरची नीज माह्या हाती हाये. मी म्हनीन तवा निजसान. मी सांगीन ते करसान."

काही दिवसांनी ती रेच्यावरच मेली. बसल्या बसल्या. बायांनी तिचे डोळे मिटायचा प्रयत्न केला...

मिटेनात.

फाल्गुनात शकुन बाळंत झाली. मुलगा झाला, घरात पेढे वाटले. तोवर हंगाम संपला होता, छपराला कुलूप लागलं होतं. घरातले पुरुष उरलासुरला कापूस गाड्यांवर लादून आगगाडीच्या ठेसनाकडे गेले होते. घरात माणिकबाई, बाळंतीण शकुन आणि न्हाऊ घालणारी सत्यभामा.

मग चैत्रातल्या दुपारी घर निजायला लागलं.

निजायला म्हणजे कसं? सत्यभामा जात्यावर बसली की खुंट्याला हात तसाच ठेवून निजायची. अंगणातला कुत्रा चालता चालता आडवा व्हायचा. माणिकबाई तर तुळशीला पाणी घालता घालता उभ्यानं डोळे लावायची. उन्हं कलली की सगळे एकदम जागे. काय झालं, कुणालाच ठाऊक नसायचं.

सत्यभामा एवढंच म्हणायची, "तो आवाज सुरू झाला का डोये मिटतेत, माय."

"कोनता आवाज?" शकुन विचारायची.

शकुनला आवाज येतच नव्हता.

आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून कानात कापसाचे बोळे घालतात आणि वरून फडकं गच्च बांधतात. शकुनच्या कानात बोळे होते. म्हणून साऱ्या घरात ती एकटी जागी राहायची.

एका दुपारी ती बाळाला पाजून खाटेवर टेकली होती. बाळ बाजूच्या झोळीत. दारातून अंगणापलीकडचं छप्पर दिसत होतं. तिनं सहज तिकडे पाहिलं...

छपराचं कुलूप खाली पडलं होतं. दार सताड उघडं होतं.

आत सगळे रेचे गप्प उभे. त्यातला एक, शेवटचा...

फिरत होता.

दांड्यावर हात नव्हता. मागे कुणी बसलेलं नव्हतं. तरी दांडा वर जात होता, खाली येत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माणिकबाई आली. डोळे उघडे, पण बुबुळं हलत नव्हती. शकुन म्हणायची, मेलेल्या जमुनेचे डोळे अगदी असेच होते. दांडा खाली आला की माणिकबाईचं पाऊल पडायचं. वर गेला की थांबायचं.

तिच्या डाव्या हातात वाटी होती. उजव्या हाताची करंगळी तपकिरी झाली होती.

ती झोळीकडे निघाली होती. आपल्याच नातवाच्या झोळीकडे.

"आत्याबाई!" शकुन किंचाळली. तिनं सासूचा दंड धरला, ओढला, दोन थोबाडीत दिल्या. बाळंतिणीच्या अंगात असून असून किती जोर असणार? माणिकबाई तिच्यासकट पुढे सरकत होती. झोळीपाशी पोचली. फडकं बाजूला केलं. बाळानं भूक लागल्यासारखं तोंड उघडलं. करंगळी खाली यायला लागली...

आणि खोलीत आवाज आला.

"बाई, आदी तुमी चाटा."

माणिकबाई थांबली. झोपेतल्या माणसाला सांगितलं की ते ऐकतं, तसं तिनं ऐकलं. करंगळी वळवली आणि आपल्या तोंडात घातली. जन्मात जे केलं नाही ते केलं.

"आनखी चाटा."

तिनं पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा चाटलं.

"समदं."

तिनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली. मग जागच्या जागी खाली बसली, कुशीवर वळली आणि निजली. उन्हं कलली, सत्यभामा उठली, कुत्रा उठला. माणिकबाई मात्र उठली नाही. श्वास लांबत गेला, रात्री केव्हातरी थांबला.

आमच्या घरात ही गोष्ट इथं संपवतात. जमुनेनं सूड घेतला, माणिकबाईचं पाप फिटलं, दिवा लावा, झोपा. लहानपणी मलाही ते ऐकून बरं वाटायचं. चांगली जिरली म्हातारीची, असं मी मोठ्यानं म्हणायची.

पण शकुन खूप जगली. शेवटच्या आजारात उशाशी तिची नातसून बसलेली असायची, वच्छला, म्हणजे माझी पणजी. एकदा वच्छला तिला म्हणाली, "जमुनाबाईनं तुमच्या लेकराले वाचवलं, आजी."

शकुननं मान हलवली.

"तो आवाज तिचा नव्हता, बाई," ती म्हणाली. "माहा होता."

वच्छला तिच्या तोंडाजवळ वाकली.

"मीच म्हनलं आदी तुमी चाटा. मीच म्हनलं समदं. जमुनेनं लेकरू मांगलं होतं. मी सासू देल्ली."

मग ती जे बोलली, ते घरात कुणीच सांगत नाही.

"आत्याबाई पडल्या ना... तरी तो रेचा फिरूनच राहिला होता."

आता माझं सांगते.

मी बाळंतपणाला माहेरी आले आहे. हेच जुनं शहर, हीच जागा. छपराच्या जागी आता काकांचं सिमेंटचं गोदाम आहे. मला मुलगी झाली. आईनं पहिल्याच दिवशी कानात बोळे घातले, मी काढून फेकले. या जुन्या खुळांचा मला राग यायचा. मग दुपारी झोप यायला लागली. नेहमीची नाही. हातातला फोन तसाच धरून मी निजायची. डॉक्टर म्हणाले, रात्रीचं जागरण आहे, होतं असं. मी विचारलं, झोपेत आवाज ऐकू येतो का? कसला, म्हणाले. मी सांगितलं नाही.

तेव्हापासून बोळे घालते. फडकंही बांधते. आई खूश आहे.

काल दुपारीही बोळे होते, फडकं होतं. मी खाटेवर आडवी झाले, एवढं आठवतं. जाग आली तेव्हा...

मी पाळण्यापाशी उभी होते.

फडकं सुटून खांद्यावर आलं होतं. एका कानातला बोळा माझ्या लेकीच्या मुठीत होता. माझी करंगळी ओली होती.

आमच्या घरात अफू नाही. आता कुणाच्याच घरात नसते. तरी माझी जीभ बधिर होती आणि तोंडभर कडू चव.

लेक नेहमीपेक्षा खूप उशिरा उठली. पण उठली. मी तिला छातीशी धरून ढसाढसा रडले. आईला वाटलं, बाळंतिणीचं मन हळवं झालंय.

जीभ बधिर होती, म्हणजे मी आधी चाखलं होतं. आधी आई, मग लेकरू.

पण त्यानंतर मी पाणी वाढवलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही.