किरमूने बरी केलेली चाकं

ट्रॅक्टरची मागची दोन चाकं आजारी आहेत, असं किरमूने पाहताक्षणी ठरवून टाकलं. पुढची दोन कशी आटोपशीर, आणि मागची ही एवढी सुजलेली!

किरमू फार लांबच्या ग्रहावरून जाईकडे पाहुणा आला होता. डोळे तीन, पाय चार, आणि चारही काठीसारखे बारीक. त्यांच्याकडची रीत अशी, की यजमानाची एक तरी वस्तू दुरुस्त केल्याशिवाय पाहुण्याने जेवायचं नाही.

"करू का बरी?"

"कर की!" जाई हसत म्हणाली. तिला वाटलं, गंमत करतोय.

किरमूने चाकांवरून तळवा फिरवला. दोन्ही आकसून पुढच्यांएवढी झाली. मग तो सात ताटं भात जेवला.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. तलावाची पाळ (मातीचा बांध) खचत होती, आणि पाळीखालीच अख्ख्या गावाची भाताची रोपं! जाईची पल्लवीआत्या मातीची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर घेऊन सुसाट निघाली; मागोमाग जाई आणि किरमू धावले. शेतात शिरताच मागची चाकं गरागरा फिरली आणि चिखलात रुतली.

"माझ्या ट्रॅक्टरचे पाय कुणी कापले गं?" आत्या ओरडली. जाईने किरमूकडे बोट दाखवलं. पण त्याला हो म्हणणारी तीच होती. पाळीतून पाण्याची धार सुटली होती.

किरमू ढकलायला धावला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. "जाई, तुमची जमीन मला खातेय!"

जाईने ट्रॉलीची एक रुंद फळी त्याच्याकडे सरकवली. तो कसाबसा वर चढला. फळी बुडाली नाही! वजन तर तेच, मग?

"आत्या, हा दाब आहे! (एवढ्याशा जागेवर पडणारं वजन.) याचे पाय बारीक, म्हणून सगळा भार चिमूटभर चिखलावर. फळीवर तोच भार पसरला. मोठ्या चाकाचं तसंच!"

"अगं, आणि इंजिनाचा जोरही मागच्याच चाकांना जातो. ट्रॉलीही तीच ओढतात. ती मोठी असली तरच मातीत पकड येते. किरमू, आटप!"

किरमूने टाळी वाजवली. पण सारखेपणाची खोड जाते थोडीच? चारही चाकं मोठी झाली! ट्रॅक्टर उसळून बाहेर आला, पाळीवर चढला, आणि वळणावर खर्रर्र! पुढची चाकं अंगालाच घासू लागली. वळेनात. समोर तलाव.

"पुढची लहान कर!" जाई किंचाळली. "त्यांना वळायला जागा लागते!"

पाणी हातभर अंतरावर असताना ट्रॅक्टर वळला. माती पडली. धार थांबली. खोटं वाटत असेल, तर जाऊन बघा, ती पाळ अजून उभी आहे.

संध्याकाळी किरमू जेवायला बसेना. "आता काय दुरुस्त करू?"

"पाळ केलीस ना? तेवढ्यावर जेव," आत्या घाईघाईने म्हणाली.

पहिला घास घेऊन किरमू तिन्ही डोळ्यांनी मोठ्या चाकांकडे पाहू लागला. "आमच्याकडे एक गाळाचा चंद्र आहे. शंभर गाड्या पाठवल्या, शंभरच्या शंभर बुडाल्या. चारही चाकं सारखी, आणि माझ्या पायांसारखी बारीक."

"एकशे एकावी नाही बुडणार," जाई म्हणाली. "पण ती मी चालवणार. तू फक्त हात लावू नकोस!"