चौकात बंद पडणारी गाडी

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी ते झोपलेले असताना मुलीने त्यांची जुनी गाडी धुतली. आतला पसाराही आवरला. दोन सुकलेली पेनं, चष्म्याची रिकामी डबी, डॅशबोर्डाखाली अडकलेला कपड्यांचा चिमटा. चिमटा तिने नेऊन वाळत घालायच्या दोरीला लावला.

तीन आठवड्यांनी ती एका खाजगी तपासनीसांसमोर बसली होती. शेजारी तपासनीसांचे मित्र मास्तर.

“कामावर जायचा रस्ता तोच आहे,” ती म्हणाली. “वाटेत लाल दिवा एकच, इस्पितळाअलीकडच्या चौकात. तिथे गाडी थरथरते आणि बंद पडते. रोज. बाबा गेले तिथेच.”

मास्तरांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

“त्या दिवशी?” तपासनीसांनी विचारलं.

“छातीत कळ आली म्हणून मी त्यांना इस्पितळात नेत होते. निघताना म्हणाले, ‘गाडी लख्ख केलीस गं.’ चौकात लाल दिवा होता. इंजिन शांत चालू होतं. मग एकदम थरथरलं आणि बंद. मी तीनदा किल्ली फिरवली. वळून पाहिलं तर... एवढंच सांगा. गाडी चालू राहिली असती, तर ते वाचले असते?”

तपासनीसांनी गॅरेजवाल्याला बोलावून विचारलं, तर तो खवळलाच. “दोन महिन्यांत बॉनेटला हात लावलेला नाही! हवेची नळी चिरलीय, फुसफुसतेय, हे मीच सांगितलं होतं. हिचे बाबा म्हणाले, नवी मिळेपर्यंत मी भागवतो. असली गिऱ्हाईकं म्हणजे आमच्या पोटावर पाय!”

तिचा धाकटा भाऊ खाली बघत म्हणाला, “ताई घाबरली असेल. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल.”

“लाल दिव्याला कोण काढत नाही?” तपासनीस म्हणाले आणि तिच्याकडे वळले. “बाबांचे हात कुठे होते?”

“एक छातीवर. दुसऱ्याने डॅशबोर्डाखालची चोकची मूठ धरली होती. मी ओरडले, ‘बाबा, सीटला धरा ना!’ त्यांनी नुसती मान हलवली.”

दुसऱ्या दिवशी तिघं त्याच चौकात आले. तपासनीस बाबांच्या जागी. तिने पाय काढला, गाडी थरथरू लागली. तपासनीसांनी चोकची मूठ बोटभर ओढून धरली. थरथर थांबली.

“अरे देवा,” मास्तर मागून पुटपुटले. “कोण चालवतंय ही?”

“चिरलेल्या नळीतून जास्तीची हवा शिरते. पाय काढला की इंजिन गुदमरतं. चोक ओढला की पेट्रोल वाढतं, ते तग धरतं. पण ही मूठ सैल आहे, आपोआप आत जाते. ती बाहेर राहावी म्हणून बाबांनी तिथे काहीतरी लावलं असणार.”

“चिमटा,” ती म्हणाली.

“निघताना त्यांना तो जागेवर दिसला नाही. ते बोलले नाहीत, हाताने धरून बसले. म्हणूनच त्या दिवशी इंजिन चौकातही शांत चाललं.”

त्यांनी मूठ सोडली. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं.

“गाडी बंद पडली म्हणून ते गेले नाहीत, बाळ. ते गेले, हात सुटला, मग गाडी बंद पडली.”

मागून हॉर्न वाजू लागले. तपासनीस खाली उतरले, मास्तरांनाही त्यांनी उतरवलं. गाडीत ती एकटीच राहिली. तिने हात लांब करून मूठ ओढली, किल्ली फिरवली. इंजिन शांतपणे चालू लागलं.

“चिमटा मी काढला, बाबा,” ती रिकाम्या सीटकडे बघून मोठ्याने म्हणाली. “तुम्ही सोडा आता. मी धरलंय.”