अण्णांचा डावा पाय

या मंडळी, सतरंजीवर अजून थोडं पुढे सरका. एका डाव्या पायाची गोष्ट सांगायची आहे.

गिरणा नदीकाठच्या गावांतून चार आसनी विमानं जीपसारखी ये-जा करू लागली, तेव्हाचं हे. अशा विमानाला दोन ब्रेक, प्रत्येक पायाखाली एक. डावा जास्त दाबला तर विमान डावीकडे ओढतं. नवशिके इथेच चुकत, म्हणून शास्त्रज्ञांनी ब्रेकलाच स्मृती दिली. जुना वैमानिक कधी दाबतो, कधी सोडतो, हे पेडल शिकून घेई आणि पुढच्या वैमानिकाच्या पायाला तसंच वळण देई. या शिकवणीला म्हणत पाऊलठसा.

सोपानअण्णा बोरशांचा पाऊलठसा तालुक्यात नावाजलेला. चाकं टेकली की अण्णा अभंग गुणगुणत, आणि विमान असं थांबे की मागच्या बाळंतिणीचा डोळा उघडू नये. अण्णा गेले, तशी त्यांची मुलगी कावेरी ते विमान चालवू लागली. चौथ्या वर्षी झिजलेले ब्रेकपॅड बदलले. नवे कडक धरू लागले आणि उतरताना विमान डावीकडे झटके खाऊ लागलं. एकदा तर रुग्णासकट पाटाच्या चारीच्या काठावर जाऊन थांबलं.

दुरुस्ती करणाऱ्या हमीदा तडवीने पेडलची नोंद काढली आणि इंदूकाकूंना बोलावलं. काकू अण्णांच्या पत्नी. विमान त्यांच्या नावावर. अण्णांच्या ठशात डावा पाय ठरावीक अंतराने दाबला जातोय, झिजलेल्या पॅडवर ते जाणवत नव्हतं, हे हमीदा समजावत होती, तोवर काकूंची बोटं टेबलावर तोच ठेका धरू लागली.

"अगं, हे कीर्तनातलं भजन आहे. जेवतानासुद्धा यांचा पाय हलायचा. मी म्हणायची, वरण सांडेल."

तेवढा ठेकाच काढता येईल का, असं त्यांनी विचारलं. हमीदा म्हणाली, "नाही काकू. पुसायचं तर सगळंच. नाहीतर कावेरीला मी उडू देणार नाही."

पुसण्याआधी काकूंना तो ठसा एकदा जाणवावा, म्हणून हमीदाने विमान जॅकवर चढवून चाकं फिरवली. काकूंनी चप्पल काढली, पेडलला हात लावून नमस्कार केला आणि मग पाय ठेवला. खालून पेडल हळूच हललं. हमीदा बाजूला जाऊन हत्यारं आवरू लागली. उठल्यावर काकूंनीच ठसा पुसायच्या परवानगीवर अंगठा टेकवला.

दुसऱ्या सकाळी कावेरीने आईला मागे बसवून विमान उडवलं. उतरताना ते जराही डावीकडे गेलं नाही. सरळच गेलं, थांबेचना. मग एकदम चाकं आवळली, टायर फुटला आणि विमान गवतात शिरलं. कुणाला खरचटलंही नाही.

कावेरी आपल्या पायांकडे बघत राहिली. "आई, मला थांबवताच येत नाही गं. चार वर्षं अण्णाच उतरवत होते. मी नुसती बसले होते."

"टायर बदलून घे," काकू म्हणाल्या. "मी बसते इथेच, मागे."

असे पाऊलठसे तेव्हा चौदाशे विमानांत होते, आणि ते सोडून गेलेल्यांच्या मुलाबाळांना विमान आपणच उतरवतो असं वाटत होतं. पुढे ते ठसेही पुसले गेले, आणि प्रत्येकाला आपल्याच पायाने थांबायला शिकावं लागलं. म्हणून मंडळी, कधी विमान उतरताना तुम्हाला धक्का बसला, तर चालवणाऱ्यावर चिडू नका. तेवढ्यापुरती इंदूकाकूंची आठवण काढा.