बाविसावी आवृत्ती

छापखान्यातून निवृत्त होऊन तात्यांना चौदा वर्षं झाली होती, तरी एका पुस्तकाची मुद्रितं तपासण्यासाठी अजून त्यांच्याच घरी येत. बाकीची पुस्तकं नवी मंडळी संगणकावर तपासत. ‘पांढऱ्या पठाराची रोजनिशी’ मात्र कागदावर छापून, पुठ्ठ्याच्या पाकिटातून, खिडकीशेजारच्या त्यांच्या टेबलावर पोचायची. तात्या ओळीखाली पट्टी धरायचे, लाल पेन्सिल कानावर खोचायचे आणि शब्द न शब्द वाचायचे. यंदा बाविसावी आवृत्ती होती. चूक म्हणावी अशी आता एकही उरली नव्हती. लोक म्हणायचे, म्हातारा काय निष्ठेचा आहे!

खरी गोष्ट अशी, की ते पुस्तक तात्यांनीच लिहिलं होतं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी कुणा एका प्रवाशाने आपल्या वह्या छापायला द्यायचं कबूल केलं होतं. जाहिरात झाली, मुखपृष्ठ छापून झालं आणि गृहस्थाने ऐन वेळी शब्द फिरवला. छापखान्याचे मालक तपासनिसाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तात्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर असायचा म्हणून त्या वयातच सगळे त्यांना तात्या म्हणत.

“तात्या, मुखपृष्ठ आहे, पुस्तक नाही. तू लिही.”

“मी? मालक, मला बस लागते. नदीच्या पुलापलीकडे मी कधी गेलेलो नाही.”

“म्हणून तर तुला सांगतोय. जाऊन आलेले लोक फार कंटाळवाणं लिहितात.”

तात्यांनी एकतीस दिवसांत ते लिहिलं. पन्नाशीला घर सोडलेला एक फिरस्ता पायी निघतो, मिठाचं पांढरं पठार ओलांडतो आणि सात घरांच्या वस्तीला पोचतो. वाटेत दोन कमानींचा पूल आहे, त्यातली एक कमान विटांनी बुजवलेली. एक सराई आहे, तिच्या खोल्यांना कड्या बाहेरून आहेत. वस्तीत एक विणकर म्हातारी होती. येणाऱ्या माणसाची पावलं ती मोजायची आणि जाताना तितकीच भरतात का ते पाहायची. ते प्रकरण मालकांनी काढायला लावलं. “ही बाई मला नको,” ते म्हणाले. “वाचल्यापासून जेवण जात नाही.” तात्यांनी ती नऊ पानं छापखान्याच्या शेगडीत स्वतःच्या हाताने जाळली.

पुस्तक खऱ्या माणसाची खरी रोजनिशी म्हणून बाहेर पडलं. “हे तुझ्यामाझ्यात,” मालक म्हणाले. पुढे मालक गेले आणि ते एकट्या तात्यांत उरलं.

लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. त्यातला उतारा शाळेत धडा म्हणून लागला. एका डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद करून पाठीला पिशवी लावली. दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षांचं भांडण मिटवून बरोबर निघाले. बापाने वाचलं, मग मुलाने वाचलं, मग त्याच्या मुलांनी. ती वाट शोधायला गेलेले बहुतेक हात हलवत परत येत. पण गंमत अशी, की पुस्तकाला कुणी बोल लावला नाही. “आमचाच रस्ता चुकला असेल,” म्हणत. हे ऐकून तात्या डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखे गप्प बसायचे. आतून सुखावायचे.

त्यांची मुलगी त्याच पुस्तकावर वाढली. पुस्तक निघालं तेव्हा ती वर्षाची होती. पाचव्या वर्षी मांडीवर बसून तिने विचारलं, “बाबा, हे खरं आहे?”

“खरं आहे,” तात्या म्हणाले. एवढ्याशा पोरीचा आनंद कशाला मोडायचा? मोठी झाल्यावर सांगू.

ती मोठी झाली. जमिनीची मोजणी शिकली, लग्न केलं, तिला मुलगी झाली. तात्यांनी सांगितलं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी तिने नवऱ्याचा रोष पत्करला, सहा वर्षांच्या छोटीला तात्यांकडे ठेवलं आणि फिरस्त्याच्या वाटेचा पहिला नकाशा करायला ती निघाली. बसपर्यंत तात्या पोचवायला गेले. सगळ्या वाटेने वाक्य जिभेवर होतं. बस सुटताना ते म्हणाले, “पाणी उकळून पी.”

त्यांनी मनाची समजूत घातली. सापडणार काहीच नाही, महिन्याभरात परत येईल.

पहिलं पत्र नवव्या दिवशी आलं. ‘बाबा, पूल सापडला. दोन कमानी, एक बुजवलेली.’ तात्या हसले. जगात असे पूल पन्नास असतील.

दुसऱ्या पत्रात सराई होती. ‘कड्या खरंच बाहेरून आहेत. मी दाराला खुर्ची लावून झोपले.’ ते पत्र तात्यांनी तीनदा वाचलं. त्या दिवशी छापखान्यात त्यांच्या हातून दोन चुका निसटल्या.

तिसरं पत्र छोटं होतं. ‘वस्तीत आले. सातही घरं आहेत. इथे एक विणकर आजी राहतात. मी किती पावलं चालत आले ते त्यांनी मला सांगितलं. बाबा, या आजी पुस्तकात नाहीत. मी तसं म्हटलं तर हसल्या. म्हणाल्या, होते गं मी, मला काढून टाकलं.’

तात्यांना शेगडीतल्या पानांचा वास आला.

चौथं पत्र आलं नाही.

दीड महिन्याने शोधपथक निघालं. निघण्यापूर्वी पथकाचा प्रमुख तात्यांच्या घरी आला. त्याच्या हातात रोजनिशी होती, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेली. त्याने टेबलावर मोठा नकाशा पसरला. “तुमची मुलगी याच वाटेने गेली. तुम्ही हे पुस्तक इतक्यांदा तपासलंय. हा पूल साधारण कुठे असेल, अंदाज आहे?”

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. हे सगळं मी या शहरात बसून रचलं, पुस्तक बाजूला ठेवा, चारी दिशांना माणसं पाठवा, असं म्हणायला हवं होतं. पण जावई समोर बसला होता. छोटी दाराच्या आडून पाहत होती. सत्तावीस वर्षांची अब्रू होती. तात्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग नकाशावर एका जागी बोट ठेवलं.

पथकाने तिथे तीन आठवडे शोध घेतला. तिथे पूल नव्हता, सराई नव्हती. पांढरं सपाट मीठ होतं, दुसरं काही नाही.

जावई यथावकाश दुसऱ्या संसाराला लागला. छोटी तात्यांकडेच वाढली. आता ती पंचवीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. आजोबांचे चष्मे तीच करून द्यायची. घरात तिच्या आईचा विषय निघत नसे.

बाविसाव्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर पडली होती, त्याच दुपारी ती कामावरून लवकर आली. खांद्यावर नवी पिशवी होती.

“आजोबा, मी रजा काढली आहे. दोन महिन्यांची.”

“कशाला?”

“तुम्हाला माहीत आहे कशाला.” तिने पिशवीतून आईची तीन पत्रं काढली. ती तिने कधी घेतली, तात्यांना कळलंच नव्हतं. “आई जिथपर्यंत गेली, तिथपर्यंत जाऊन येते.”

तात्यांनी पट्टी खाली ठेवली. चष्मा काढला. तो काढला की समोरचा चेहरा पुसट व्हायचा, आणि आता त्यांना तेच हवं होतं.

“बस. तुला एक सांगायचंय.”

त्यांनी सगळं सांगितलं. मुखपृष्ठ, एकतीस दिवस, शेगडी. नात पत्रं हातात धरून ऐकत होती. नकाशावर बोट ठेवल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली.

“तीन आठवडे?” ती म्हणाली. “ते लोक तीन आठवडे तुमच्या बोटाखाली आईला शोधत होते?”

“हो.”

“आणि तुम्ही रोज मला भरवत होतात. वेण्या घालत होतात.”

तात्यांनी पट्टी मुद्रितांच्या कडेशी सरळ लावली.

“मग तिला तो पूल दिसला कसा?”

“ते मला माहीत नाही, बाळ. खरंच माहीत नाही.”

ती पिशवी तिथेच टाकून निघून गेली. दुकानातल्या मैत्रिणीकडे राहायला लागली. फोन घेईना. ती त्या वाटेने गेली नाही एवढ्यावरच तात्यांनी समाधान मानलं. एक तरी वाचली, ते स्वतःशी म्हणायचे.

मग त्यांनी शेहेचाळीस वर्षांत न केलेलं काम केलं. एका पानाचं निवेदन लिहिलं. ही रोजनिशी काल्पनिक आहे, ती मी लिहिली. फिरस्ता कधी नव्हता. पठार, पूल, सराई, वस्ती यांतलं काहीही नाही. कृपा करून कुणी जाऊ नये. खाली सही केली आणि ते पान पुस्तकाच्या सुरुवातीला लावलं.

छापखाना आता मालकांची सून पाहत होती. तिने पान दोनदा वाचलं. “तात्या, छापू?”

“छापा. उशीर झालाय, पण छापा.”

बाविसावी आवृत्ती सोमवारी दुकानांत गेली. बुधवारी सकाळी नात घरी आली. तिच्या हातात नवी प्रत होती, निवेदनाच्या पानात बोट घातलेलं. ती थेट स्वयंपाकघरात गेली. दोन कप चहा केला, एक तात्यांपुढे ठेवला आणि समोर बसली. तात्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

अकराच्या सुमारास टपाल आलं.

विजेचं बिल होतं, छापखान्याचं एक पाकीट होतं आणि एक निळं पत्र होतं. पत्रावरचं अक्षर नातीने आधी ओळखलं. लहानपणापासून ती तीन पत्रं पाहून तिने ते गिरवलं होतं.

शाई ताजी होती. वर तारीख नव्हती, फक्त वार होता. सोमवार.

तात्या चष्मा शोधत होते, तोवर नातीनेच वाचायला घेतलं.

‘बाबा, मला येऊन आठ दिवस झाले. नकाशा जवळजवळ पुरा झाला आहे, या आठवड्यात निघणार होते. छोटीला सांगा, आई येते आहे. तिचा हलणारा दात पडला का?’

नात थांबली. जिभेने तिने दातांच्या मागून एकदा चाचपलं, मग पुढे वाचू लागली.

‘आज सकाळपासून इथे काहीतरी बिघडलं आहे. पठाराच्या कडेचे डोंगर दिसत नाहीत. धुकं नाही, तरी दिसत नाहीत. दुपारपर्यंत दोन घरं नव्हती. त्यांतली माणसं रस्त्यावर उभी राहून एकमेकांना विचारत होती, आपण कोण? मग तीही दिसेनाशी झाली. विणकर आजींनी मागावरून मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, तुझ्या बापाला विचार.’

“आजोबा,” नात हळूच म्हणाली, “किती प्रती गेल्या?”

“सगळ्या.”

तिने पत्र उलटलं. मागे चारच ओळी होत्या. अक्षर घाईचं होतं, पण सरळ होतं. मोजणीदाराचं अक्षर.

‘बाबा, मी कुठे जाऊ कळत नाही. आजी आत्ता समोर होत्या, आता नाहीत. खोलीच्या तीनच भिंती उरल्या आहेत. चौथीच्या जागी काय आहे ते मी पाहिलेलं नाही. तिकडे पाठ करून लिहिते आहे.’